डावा बूट

रान्वेग सकाळी साडेनऊलाच दुधाच्या ओट्यावर जाऊन बसली. ओटा आपला नावाला. दुधाचे कॅन उचलणारी गाडी बंद होऊन चाळीस वर्षं झाली होती. पण हमरस्त्याच्या कडेला माणसाला ताठ बसता येईल अशी तेवढीच जागा होती, आणि वाकून बसणं रान्वेगला त्र्याऐंशी वर्षांत जमलं नव्हतं. अंगात मयताचा काळा कोट, पायात मयताचे बूट. मयत येत्या शनिवारी होतं, आज गुरुवार. पण दुसरा चांगला कोट तिच्याकडे नव्हता, आणि नातीसमोर गोठ्यातला कोट घालून उभी राहणाऱ्यातली ती नव्हती.

पाऊस आडवा येत होता. मागे कुंपणाशी मेंढ्या उभ्या होत्या, सगळ्यांत पुढे कळपाला वाट दाखवणारी ठिपक्यांची पुढारीण. कुणी न हाकता त्या पहाटेच डोंगराच्या पायथ्यावरून अंगणापर्यंत उतरून आल्या होत्या. पुढारीण अशी आपणहून घरी आली की दिवस मावळेपर्यंत वादळ येतं, हे तिकडच्या शेंबड्या पोरालाही कळतं. रान्वेगनं तिच्याकडे पाठ केली. त्या वाणाच्या मेंढीच्या डोळ्याला डोळा द्यायचं तिनं तेहेतीस वर्षांपूर्वी सोडलं होतं.

ऑगस्टात हिमनदीनं तिचा पोरगा केतिल परत दिला होता. पाहुण्यांना बर्फावर फिरवणाऱ्या पोरांना बर्फाच्या कडेशी एक काठी दिसली. काठीवर शेताचा डाग होता, मेंढ्याच्या शिंगावर देतात तो. मग थोडी हाडं, लोकरीच्या मोज्याचा तुकडा आणि एक बूट. पोलिसांनी नातीच्या गालात कापूस फिरवून नेला आणि महिन्याभरानं कागद पाठवला की हा केतिलच. रान्वेगला कागदाची गरज नव्हती. मोजा तिनंच विणला होता. टाच कशी वळवलीय ते बघून आईला आपलं पोर कळतं, त्याला शाळा शिकावी लागत नाही.

बर्फ नेतं ते परत देतं, पण आपल्या सवडीनं, असं तिची सासू म्हणायची. सवड झाली तोवर आई म्हातारी झाली होती आणि पोरगा चौतिशीचा चौतिशीतच राहिला होता.

पाद्र्यानं वहीत टिपून घेत विचारलं होतं, "पेटीमागं पहिलं कोण चालणार?" केतिल हरवला त्याच हिवाळ्यात त्याची बायको पोरीला घेऊन राजधानीला गेली होती, आणि पुढं नॉर्वेत दुसरा संसार मांडून बसली होती. तेव्हा पहिली जागा मुलीची. मुलगी म्हणजे आस्दिस. रान्वेगनं तिला फोन केला तर ती म्हणाली, "माणूस मेंढीसाठी गेला ना? मग मेंढीनंच जावं पेटीमागं." आणि फोन ठेवला. तोंडावर फोन आपटला जायची रान्वेगला सवय नव्हती. त्या घरात फोन आपटायचं काम तिचं होतं.

पेटीमागची पहिली जागा रिकामी ठेवून पोराला पुरायचं, आणि ते अख्ख्या पंचक्रोशीनं बघायचं? रान्वेगला तीन रात्री झोप नव्हती. एक गोष्ट तिच्यापाशी होती. ती सांगितली असती तर आस्दिस मयताला आली असती. आणि ती सांगितली असती तर आस्दिस पुन्हा कधीच आजीकडे आली नसती. तेहेतीस वर्षं मूठ झाकलेली होती. आज ती उघडल्याशिवाय भागलं तर बघावं, म्हणून ती आधी नुसतं बोलून बघणार होती. धाकानं, लाडानं, जमेल तसं.

पाहुण्यांची बस आली; आस्दिस रोज त्याच बसवर माहिती सांगायची. रान्वेगनं हात केला नाही, काठी आडवी धरली. बस थांबली.

"रान्वेगबाई!" ड्रायव्हर स्काप्तीनं दार उघडून डोकं बाहेर काढलं. "तुम्ही? पाहुण्यांच्या बसमध्ये?"

"का रे? माझ्या तिकिटाला मेंढीचा वास येतो?" तिनं पिशवीतून कागद काढला. सहकारी दुकानातल्या मुलीनं संगणकावरून छापून दिला होता. "चौदा नंबर. खिडकी मागितलीय मी."

हा स्काप्ती म्हणजे नदीपलीकडच्या ओड्डुरचा थोरला. नदीकाठच्या एका गवताच्या पट्ट्यावरून ओड्डुर आणि रान्वेग तीस वर्षं एकमेकांशी बोलले नव्हते. ओड्डुर सात वर्षांमागे गेला, पट्टा नदीनं खाल्ला, अबोला तेवढा शिल्लक राहिला. स्काप्तीला ती अजून "पलीकडचा" म्हणायची.

आस्दिस पुढच्या सीटपाशी माईक हातात धरून उभी होती. एकोणचाळीस वर्षांची बाई, पण ओठ दाबायची तऱ्हा सहा वर्षांच्या पोरीची. छातीवर बिल्ला: आस्दिस केतिल्सदोत्तिर. बापाचं नाव छातीवर लावून मिरवते आणि बापाच्या पेटीमागं चालत नाही, असं रान्वेगच्या मनात आलं. जिभेवरही आलं होतं. गिळलं.

"आजी, काय चाललंय हे?"

"सहल. आमच्या गावात धबधबा आहे म्हणे, हिमनदी आहे म्हणे. बघावं म्हटलं एकदा."

दोन-तीन पाहुणे उगाच हसले. काय बोलणं चाललंय ते त्यांना कळत नव्हतं, पण म्हाताऱ्या बाईच्या तोंडाकडे बघून त्यांना गंमत वाटली असावी. आस्दिसनं माईक तोंडाशी धरला आणि पाहुण्यांच्या भाषेत गोड आवाज काढला. तो आवाज रान्वेगनं कधी ऐकला नव्हता. घरी ती पोर कधी गोड बोलली नव्हती. ते वळण कुणाचं, हे विचारायला नको.

धबधब्याशी बस रिकामी झाली. पोपटी आणि नारंगी रेनकोट घातलेली माणसं पाण्याच्या मागच्या वाटेनं आत शिरली. या पाण्याखाली रान्वेगनं लग्नाआधी लोकर धुतली होती. आता तिथं दोर, पाट्या आणि संडासाची रांग होती. आस्दिस रांगेच्या कडेला पाठ करून उभी होती. रान्वेग काठी टेकत तिच्यापाशी गेली.

"शनिवारी अकरा वाजता," ती म्हणाली.

"शनिवारी मला काम आहे."

"रजा माग."

"कशासाठी मागू?" आस्दिस वळली. पावसानं तिचं तोंड लाल झालं होतं. "तुला आठवतं का आजी? मला आठवतं. मेंढ्या उतरवून तो घरी आला होता. मी रोज त्याचे बूट ओढायचे. डावा ओढून काढला. मी मागं पडले, तो हसला. उजव्याला हात घातला आणि तो उठला. म्हणाला, पुढारीण राहिलीय वर, आलोच. डावा पुन्हा चढवला. मी दाराशी बसून राहिले, उजवा ओढायचा म्हणून. आईनं उचलून नेलं तेव्हा सकाळ झाली होती."

"मला माहीत आहे."

"मग? सहा वर्षांची पोर समोर आणि ह्या माणसाला मेंढी दिसते. मी त्याच्यामागं चालू?"

रान्वेगनं तोंड उघडलं. गोष्ट अगदी दातांपर्यंत आली होती. तेवढ्यात पिवळ्या टोपीची एक बाई मोबाईल पुढं करून हसत हसत आली आणि काहीतरी म्हणाली.

"तुझा फोटो काढू का विचारतेय," आस्दिस म्हणाली.

"तिला सांग, मी धबधबा नाही."

आस्दिसचा ओठ हलला. क्षणभर. त्या क्षणात ती अगदी केतिलसारखी दिसली, आणि रान्वेगनं तोंड मिटलं. एवढं हसू तिच्या वाट्याला तेहेतीस वर्षांत किती वेळा आलं होतं? उन्हाळ्यातले चार दिवस पोरगी यायची, रेवाचिनीच्या आंबट देठांचा मुरंबा खायची, गवत गोळा करायला हात लावायची. तेवढ्यावर रान्वेग वर्ष काढायची. ते एका वाक्यात ओतून टाकायचं?

पुढं काळी वाळू सुरू झाली. डावीकडं ज्वालामुखीनं ओकलेला जुना दगड, त्यावर राखाडी शेवाळ, मेलेल्या जनावराच्या कातड्यासारखं. आस्दिस माईकवर बोलत होती. राख कशी उडाली, नद्या कशा फुगल्या, रस्ता कसा वाहून गेला. पाहुणे आ वासून ऐकत होते. रान्वेगला मात्र राखेच्या वर्षी मेंढ्यांच्या नाकात बोळे घालून धुवावं लागलं होतं ते आठवलं, आणि दुपारी बाराला अंधार पडला तेव्हा अंगणात उभं राहून आपण देवाला म्हणालो होतो, "एवढंच का? मी अजून वाट बघतेय," तेही. मोठी शिक्षा येईल म्हणून ती वाट बघत होती. पण नुसती राख आली. राख झाडून टाकता येते.

हिमनदीशी पोचले तेव्हा वारा सुटला होता. पूर्वी जिथं बर्फाची जीभ रस्त्याशी येऊन टेकायची तिथं आता गढूळ तळं होतं, त्यात घाणेरडे बर्फाचे तुकडे. खरा बर्फ पार मागं सरकला होता, काळपट, भेगाळलेला, आजारी जनावर कोपऱ्यात बसावं तसा. त्याच्या डाव्या कडेला दगडांचा एक ढीग होता. तिथंच तो सापडला. रान्वेगला पोलिसांनी दाखवलं होतं.

दोराच्या अलीकडं सगळे गोळा झाले. आस्दिस त्या ढिगाकडं हात करून बोलायला लागली. रान्वेगला त्यातले दोनच शब्द कळले, मेंढी आणि सहा. ते तिला सहकारी दुकानात येणाऱ्या पाहुण्यांमुळं येत होते. मग आस्दिस काहीतरी म्हणाली आणि सगळे हसले. मोकळं हसले, दात दाखवून.

स्काप्ती बसला टेकून उभा होता. रान्वेग त्याच्यापाशी गेली. सदतीस वर्षांच्या अबोल्यानंतर ती त्या घराशी पहिल्यांदा काही विचारत होती.

"काय सांगितलं तिनं?"

"नेहमीचंच. दोरापलीकडं जाऊ नका म्हणून."

"पलीकडच्या, मला बनवू नकोस. हसले कशाला?"

स्काप्तीनं सिगारेट विझवली. विझवायला जरा जास्तच वेळ लावला. "सांगते की एक शेतकरी होता. सहा वर्षांची पोर बूट ओढत होती, ती तशीच टाकून मेंढी शोधायला बर्फावर गेला. बर्फानं त्याला तेहेतीस वर्षं ठेवून घेतला. म्हणून दोर ओलांडू नका. आणि म्हणते, आमच्या देशात माणसं थोडी आणि मेंढ्या फार, तरी कुणाचा जीव महाग ते आम्हाला अजून कळत नाही. त्याला हसले."

"तिचा बाप होता, हे सांगते?"

"नाही. ते सांगत नाही."

"रोज सांगते?"

"रोज."

रान्वेग तळ्याकडं बघत उभी राहिली. पिवळ्या टोपीची बाई त्या दगडांच्या ढिगाकडं पाठ करून स्वतःचा फोटो काढत होती. ज्या माणसानं काही केलं नाही त्याच्यावर रोज पन्नास माणसं हसतात, उद्याही हसतील, आणि ज्या बाईनं केलं ती चांगला कोट घालून खिडकीची जागा मागते. आजवर तिला वाटत होतं की मेलेल्याला काय, त्याला ऐकू येत नाही. पण तो आता बर्फाखाली नव्हता ना. देवळाच्या मागच्या खोलीत पेटीत होता. वर आलेल्या माणसाला ऐकू येत असेल.

समुद्रकाठचा थांबा रद्द झाला. वादळ वाढलंय, रस्ता बंद करतील, असं ऑफिसातून कळवलं होतं. सगळे ओले होऊन बसमध्ये बसले. काचा धुरकटल्या. बस पश्चिमेकडं निघाली तशी वाऱ्यानं ती एकदा हलली आणि कुणीतरी किंचाळलं.

रान्वेग चौदा नंबरवरून उठली. सीटच्या पाठी धरत धरत पुढं गेली.

"आजी, खाली बस, पडशील."

"दे ते इकडं." तिनं माईककडं हात केला.

"आजी!"

"त्यांना कळणार नाही. तुला कळेल. तुझ्या तोंडाकडं बघून मला सांगता यायचं नाही. म्हणून हे हवंय."

आस्दिसनं स्काप्तीकडं बघितलं. त्यानं खांदे उडवले. माईक आजीच्या हातात आला. तिनं तो गाईच्या कासेसारखा मुठीत धरला आणि समोरच्या काचेकडं तोंड करून, पुसणाऱ्या पट्ट्यांकडं बघत बोलायला लागली.

"त्या दिवशी मेंढ्या उतरवल्या. गोल कोंडवाड्यात निवडल्या. प्रत्येकाच्या कप्प्यात त्याच्या त्याच्या कानखुणेच्या मेंढ्या. आमच्या कप्प्यात फ्लेका नव्हती. ठिपक्यांची, आमची पुढारीण. केतिल म्हणाला, आई, तिला वादळाचा वास आला असेल, ती आधीच उतरली असणार, कुणाच्या तरी अंगणात उभी असेल, उद्या बघू. बरोबर म्हणाला. पुढारीण म्हणजे तीच. कळप येवो न येवो, ती आधी घरी पोचते. मला ते कळत नव्हतं का? मी पुढारिणीच्या पाठीवर वाढले. पण ती आमच्या अंगणात नव्हती. मग उतरून जाणार कुठं? नदीच्या पलीकडं, ओड्डुरकडं. दुसरं घरच नव्हतं. आणि ओड्डुरच्या दारात मेंढी मागायला माझा पोरगा जाणार? मी म्हटलं, मेंढी वर आहे. तो म्हणाला, नाही गं आई. मी म्हटलं, तुझा बाप असता तर पुढारीण वर ठेवून सूप प्यायला बसला नसता. तू बाईसारखा बूट काढून घेतोयस पोरीकडून. असं म्हटलं मी. त्या शब्दांत."

माईक खरखरला. तिनं तो दुसऱ्या हातात घेतला.

"तो बूट चढवत होता तेवढ्यात फोन वाजला. मी उचलला. ओड्डुर होता. म्हणाला, रान्वेग, तुमची ठिपक्यांची. एवढंच ऐकलं. ठेवला फोन. केतिलनं विचारलं, कुणाचा? मी म्हटलं, चुकीचा नंबर. मग तो गेला. तुला टाकून गेला नाही, आस्दिस. मी पाठवला. दुसऱ्या दिवशी वर शोधणारी माणसं रिकाम्या हातांनी उतरली, नदीचा लोंढा ओसरला होता, आणि ओड्डुर फ्लेकाला गाडीत घालून अंगणात आला. कुणापाशी एक शब्द बोलला नाही तो. जन्मात बोलला नाही. मी त्या मेंढीला नऊ वर्षं हातानं गवत घातलं. कापायची हिंमत झाली नाही. झालं. एवढंच."

तिनं माईक खाली घेतला.  मग पिवळ्या टोपीच्या बाईनं टाळ्या वाजवल्या. तिच्या मागच्यांनी वाजवल्या. सगळ्या बसनं वाजवल्या. जुनी लोककथा ऐकली, असं त्यांना वाटलं असणार. म्हाताऱ्या बाईनं काळा कोट घालून वादळात सांगितलेली. एकानं शीळही घातली.

रान्वेग टाळ्यांत उभी होती. मान ताठ. मयतात सुद्धा मान ताठ ठेवता येते, पण टाळ्यांत कशी ठेवायची ते तिला कुणी शिकवलं नव्हतं.

"तीन वेळा, रान्वेगबाई," स्काप्ती म्हणाला. रस्त्यावरची नजर त्यानं काढली नाही. "बाबांनी तीन वेळा फोन लावला होता."

आस्दिस वळली. "तीन वेळा?"

"मी बावीस वर्षांचा होतो. शेजारीच उभा होतो. नदीला लोंढा होता, पलीकडं जाता येत नव्हतं, हाक पोचत नव्हती. दुसऱ्यांदा लावला तेव्हा उचलून ठेवला. तिसऱ्यांदा लागलाच नाही. काढून ठेवला होता. आम्हाला खिडकीतून तुझ्या बाबांची बॅटरी दिसत होती, उतारावर. बाबा कंदील हलवत राहिले अंगणात. बॅटरी काही वळली नाही."

"आजी?"

रान्वेगला पुसणाऱ्या पट्ट्या दिसत होत्या. इकडून तिकडं, तिकडून इकडं. कबुली देतानासुद्धा तिनं माप मारलं होतं. दोन फोन खिशात ठेवून एकच दिला होता. सुंभ जळतो, पीळ जळत नाही.

"तीन वेळा," ती म्हणाली.

"बॅटरी दिसत होती? आपल्या दारातून?"

"दिसत होती."

"हाक मारली असती तर?"

"ऐकू गेली असती. वारा त्याच्याकडं होता."

पिवळ्या टोपीची बाई पुढं वाकून काहीतरी विचारत होती. आजी काय म्हणाली, असंच काहीतरी असणार. हात जोडून, डोळे चमकवून विचारत होती. आस्दिसनं आजीच्या हातातून माईक घेतला. तोंडाशी धरला. मग बोलली. गोड आवाजात नाही. रान्वेगला त्यातलं काही कळलं नाही, फक्त मध्येच एकदा केतिल असं ऐकू आलं, आणि शेवटाकडं आस्दिसनं स्वतःच्या छातीवरच्या बिल्ल्याला बोट लावलं.  पिवळ्या टोपीच्या बाईनं हात मांडीवर ठेवले आणि खिडकीबाहेर बघायला लागली, जिथं धुरकट काचेपलीकडं काहीही दिसत नव्हतं.

ती काय म्हणाली, हे या वेळी रान्वेगनं स्काप्तीला विचारलं नाही.

चौदा नंबरवर जाऊन बसली. घरच्या ओट्यापर्यंत पाऊण तास लागला. त्या पाऊण तासात आस्दिसनं एकदाही मागं बघितलं नाही आणि एकदाही माईक उचलला नाही. धबधबे गेले, शेतं गेली, कुणीही कशाचं नाव सांगितलं नाही.

ओट्यापाशी बस थांबली. वाऱ्यानं दार नीट उघडेना. आस्दिस आधी उतरली, कारण म्हाताऱ्या उतारूला हात द्यायचा हा नोकरीचा नियम होता. तिनं हात दिला. रान्वेगनं घेतला. हात गार होता आणि जमिनीला पाय लागताच सुटला.

"शनिवारी अकरा ना?" आस्दिस म्हणाली.

"अकरा."

"मी येईन. पेटीमागं पहिली मी चालेन. तू माझ्या शेजारी चालायचं नाहीस. मागं चाल, दिसणार नाहीस अशी."

"बरं."

"आणि नंतर कॉफीला थांबणार नाही. तुझ्या घरात मी आता कॉफी पिणार नाही."

रान्वेगनं मान हलवली. घरात तीन दिवस भाजणं चाललं होतं. राईच्या भाकरी, धुरावलेलं कोकराचं मटण, पातळ गोड पोळ्या, आस्दिसला आवडतो म्हणून रेवाचिनीच्या मुरंब्याच्या दोन बरण्या. मयताची कॉफी न पिता जो दारातून परततो तो त्या घरात पुन्हा येत नाही, हे तिकडं कुणी कुणाला सांगावं लागत नाही.

आस्दिसनं पायरीवर पाय ठेवला आणि थांबली. वळली नाही.

"सापडला तो बूट. कुठल्या पायाचा?"

"डावा."

वारा दोघींच्या मधून गेला. आस्दिस बसच्या दांडीला धरून तशीच उभी होती.

"मी ओढून काढला होता तो," ती म्हणाली, आणि आत गेली. दार दोनदा आपटून मग लागलं.

बसचे लाल दिवे पावसात विरेपर्यंत रान्वेग ओट्यापाशी उभी राहिली. या वेळी तिला बसावंसं वाटलं, पण बसली नाही. मग घराकडं चढायला लागली. कुंपणाच्या फाटकाशी ठिपक्यांची पुढारीण वाटेत आडवी उभी होती, अंगावरून पाणी निथळत होतं. फ्लेकाची कितव्या पिढीची नात ती, कोण जाणे. रान्वेगनं तिच्याकडं बघितलं. मेंढीनंही बघितलं. मेंढीला काय कळतं. ती वाटेतून हलली नाही, आणि शेवटी म्हातारीच चिखलातून वळसा घालून गेली.

स्वयंपाकघरात टेबलावर शनिवारचे कप मांडून ठेवले होते, सोनेरी काठाचे, लग्नातले. तिनं कोट काढला नाही. एक कप उचलून कपाटात ठेवला. मग परत काढला, इतरांच्या शेजारी ठेवला, आणि पालथा घातला.